पूर ओसरल्यानंतर : गालिचा, जानमाज आणि तहारत



साक्री गाव कान नदीच्या काठी वसले आहे. पश्चिमेकडील डोंगरातून निघालेली ही नदी मालनगावचे धरण ओलांडून साक्रीस येते, पुढे पांझरेला मिळते आणि पांझरा धुळे शहरातून तापीकडे जाते. वर्षातील बहुतेक महिने या नद्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. म्हणूनच नदीकाठचा माणूस पुराला विसरतो. नदी मात्र आपली वाट विसरत नाही. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्याची मोठी हानी केली होती. अलीकडे ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरा पुन्हा दुथडी भरून वाहिली आणि धुळ्याच्या नदीकाठाला पाण्याने आपली आठवण करून दिली.

पूर येतो तेव्हा माणसे जीव वाचविण्याच्या चिंतेत असतात. खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर सुरू होते. दार उघडले की घोट्याएवढा गाळ, भिंतीवर पाण्याची रेघ, आणि जमिनीवर चिखलाने जड झालेली सतरंजी, गालिचा, जानमाज. अशा घरात हमखास तीन मते पडतात. तरुण मुलगा म्हणतो, "हे सारे आता टाकून द्या, नवे घेऊ." मधला म्हणतो, "उन्हात वाळवा, चिखल झटका, झाले पाक." आणि वृद्ध दादीअम्मा कोपऱ्यातील बाजेवर बसून म्हणतात, "घर नापाक झाले आहे. जागा पाक होईपर्यंत मी नमाज कोठे पढू?" दोन दिवस जातात, चार दिवस जातात, आणि ज्या माउलीची उभ्या आयुष्यात फजर चुकली नाही तिच्या नमाजा कजा होऊ लागतात.

पुराने त्या घराची केलेली सर्वांत मोठी हानी हीच होय. गालिचा पुन्हा मिळतो. वेळ टळून गेलेली नमाज त्या वेळेला पुन्हा मिळत नाही. तिन्ही मतांत कोठे चूक आहे आणि शरीअतने दाखविलेला सरळ मार्ग कोणता, हे या पाठात आपण क्रमाने पाहू.

मळ वेगळा, नजासत वेगळी

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की, मळणे आणि नापाक होणे या दोन भिन्न बाबी आहेत. माती, गाळ, शेवाळ, धूळ यांनी वस्तू मळते. परंतु त्यामुळे ती नापाक होत नाही. माती स्वतः पाक आहे, इतकी की पाणी न मिळाल्यास आपण तिच्यावरच तयम्मुम करतो. नापाकी येते ती मलमूत्र, रक्त, मृत जनावर यांसारख्या नजासतीच्या संपर्काने.

सहीह बुखारीत हजरत अनस (र.) यांच्या घरचा एक प्रसंग आला आहे. त्यांच्या आजी मुलैका (र.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवणासाठी बोलाविले. जेवण झाल्यावर प्रेषितांनी त्या घरी नमाज पढविण्याची इच्छा दर्शविली. घरात एक चटई होती. पुष्कळ दिवसांच्या वापराने ती काळी पडली होती. हजरत अनस (र.) यांनी तिच्यावर पाणी शिंपडले, आणि प्रेषितांनी तिच्यावरच उभे राहून दोन रकअत नमाज अदा केली. मागे अनस (र.) आणि एक अनाथ मुलगा उभे होते, त्यांच्या मागे वृद्ध मुलैका (र.) उभ्या होत्या. काळी पडलेली चटई, थोडेसे पाणी आणि एका आजीचे घर! आपल्या दादीअम्मांना समजावताना यापेक्षा योग्य उदाहरण कोणते?

दुसरा प्रसंग हजरत अबू सईद खुदरी (र.) यांनी सांगितला आहे. रमजानमध्ये एका रात्री पाऊस झाला. मस्जिदे-नबवीचे छप्पर खजुरीच्या झावळ्यांचे असल्याने ते गळले. सकाळी नमाज संपली तेव्हा प्रेषितांच्या कपाळावर पाण्याची आणि चिखलाची खूण दिसत होती. पावसाच्या चिखलात केलेला तो सजदा उम्मतसाठी कायमची दिलासा देणारी शिकवण आहे.

पुराचे पाणी पाक की नापाक?

येथे स्वाभाविक प्रश्न पडतो की, पुराच्या पाण्यात तर गावची गटारेही मिसळलेली असतात, मग त्याचे काय?

फुकहांनी याबाबत सोपे माप दिले आहे. वाहते किंवा विपुल पाणी केवळ नजासत पडल्याने नापाक होत नाही; नजासतीमुळे त्याचा रंग, वास किंवा चव यांपैकी एखादा गुण पालटला तरच ते नापाक ठरते. पालट गाळामुळे झाला असेल तर तो धरला जात नाही. म्हणून नदीचे लालसर, मातकट, जोरदार वाहते पाणी घरात शिरून निघून गेले, आणि गालिच्याला केवळ मातीचा वास येत असेल, तर तो गालिचा मळला आहे, नापाक झालेला नाही.

याउलट शौचालयाची टाकी किंवा गटार उलटून तेच पाणी खोलीत साचले, दुर्गंधी आली, घाण डोळ्यांना दिसली, तर गालिचा नापाक समजून धुवावा. ओसरून राहिलेले डबके लहान असेल आणि त्यात घाण पडली असेल तर तेही नापाक होय. विपुल पाण्याची मर्यादा हनफी फुकहांनी दहा हात लांब व दहा हात रुंद, म्हणजे ‘दह-दर-दह’ अशी सांगितली आहे, तर शाफई मताप्रमाणे ती दोन कुल्ल्यांची आहे.

आणि जेथे खूण काहीच नाही, केवळ मनात शंका आहे? तेथे फिकहचा सर्वमान्य नियम असा की, निश्चित असलेली गोष्ट शंकेने नाहीशी होत नाही. गालिचा पुरापूर्वी पाक होता हे निश्चित आहे. तो नापाक झाला ही शंका आहे. शंकेला निश्चितीवर मात करू देऊ नये. किळस वाटणे हा नापाकीचा पुरावा नव्हे. किळस वाटली तर अवश्य धुवावे, परंतु तिच्यापायी नमाज सोडू नये.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. शरीअतच्या दृष्टीने पाक असलेले पाणी आरोग्यास निर्धोक असेलच असे नाही. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात. उंदरांच्या मूत्रातील जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. जीवाचे रक्षण हे शरीअतच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे. म्हणून गाळ उपसताना आणि गालिचे धुताना रबरी बूट व हातमोजे घालावेत, जखम झाकावी, मुलांना दूर ठेवावे, आणि नंतर ताप आला तर पुरात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उन्हाने पाक होते काय?

आता मधल्या मुलाच्या मताकडे वळू. हनफी मताप्रमाणे जमीन, आणि जमिनीला पक्की जोडलेली फरशी, वाळून नजासतीची खूण व वास निघून गेल्यास नमाजसाठी पाक होते. हा नियम ऐकून पुष्कळजण तो गालिच्यालाही लावतात. ही चूक आहे. सतरंजी, गालिचा, जानमाज या जमिनीपासून वेगळ्या, उचलता येणाऱ्या वस्तू आहेत. नजासत लागली असेल तर त्या केवळ उन्हाने पाक होत नाहीत. त्यांना पाण्याने धुणे आवश्यक आहे. शाफई मतात तर जमिनीसाठीही पाणीच लागते.

पाक करण्याची रीत

एक खेडूत मस्जिदे-नबवीत लघवीस बसला तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी त्यांना थांबविले, त्या जागेवर पाण्याची एक बादली ओतण्यास सांगितले, आणि तुम्हाला लोकांना सुलभता देण्यासाठी पाठविले आहे, अडचणीत टाकण्यासाठी नव्हे, याची जाणीव करून दिली. नजासत निघाली की काम झाले. त्यापुढे मनात गाठ ठेवू नये.

नजासत डोळ्यांना दिसणारी असेल तर ती नाहीशी होईपर्यंत धुवावे. दिसणारी नसेल, उदाहरणार्थ गटाराचे पाणी मुरले असेल, तर हनफी पद्धतीने तीन वेळा धुवावे. लहान जानमाज दर वेळी नीट पिळावी. मोठा गालिचा पिळता येत नाही. तो दर वेळी पाणी ओतून टांगावा आणि पाणी निथळणे थांबले की पुढची धुणी करावी. मध्ये तो पूर्ण वाळण्याची गरज नाही. नळाखाली किंवा पाइपने भरपूर पाणी सलग सोडले आणि नजासत निघून गेल्याची मनाची खात्री झाली, तर मोजणी व पिळणी यांचीही आवश्यकता उरत नाही. शाफई मतात नजासत निघून गेल्यावर एकदा पाणी वरून वाहविले तरी पुरते. डाग प्रयत्न करूनही जात नसेल तर तो माफ आहे, हजरत खौला बिन्ते यसार (र.) यांच्या हदीसमध्ये रक्ताच्या डागाबाबत हीच सवलत आली आहे.

ही झाली तहारत. आता वस्तू वाचविण्याचे काम कसे करावे ते पाहू. येथे घाई आणि क्रम या दोहोंना महत्त्व आहे.

१. प्रथम घराचा वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करावी. तलाठ्याचा पंचनामा व्हायचा असेल तर हालविण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.

२. गालिचा शक्यतो त्याच दिवशी बाहेर काढावा. ओल्या कापडावर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. भिजलेला गालिचा मूळ वजनाच्या कितीतरी पट जड होतो. तो एकट्याने ओढू नये. दोन-तीन जणांनी गुंडाळी करून उचलावा, म्हणजे त्याची वीणही फाटत नाही आणि पाठही धरत नाही.

३. गाळ ओला असतानाच धुवावा. प्रथम उलट्या बाजूने पाणी मारावे, म्हणजे धाग्यांच्या मुळाशी बसलेली माती पुढून बाहेर पडते. मग सुलट बाजू धुवावी. गाळ वाळून गेला असेल तर गालिचा दोरीवर टाकून मागून काठीने झोडावा, नाकातोंडाला फडके बांधावे, आणि मगच पाणी लावावे. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत साबण लावू नये. गाळात साबण वाया जातो.

४. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश वापरावा. ब्रश धाग्यांच्या कलानेच फिरवावा. रंग जातो का हे आधी कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहावे. लोकरीच्या गालिच्याला गरम पाणी आणि ब्लीचिंग पावडर लावू नये. गरम पाण्याने लोकर आटते व ब्लीचने तिचा धागाच विरघळतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

५. साबण पूर्णपणे निघेपर्यंत खळबळावे. तहारतसाठी करावयाच्या तीन धुण्या याच वेळी कराव्यात, म्हणजे पाणी दुप्पट लागणार नाही. जानमाजवर काबागृहाचे चित्र असेल आणि पायाने तुडविणे मनाला रुचत नसेल, तर ती हाताने धुवावी.

६. फरशी पुसण्याच्या वायपरने पाणी ओढून काढावे आणि गालिचा बाजेवर, बांबूवर किंवा गच्चीच्या कठड्यावर असा टाकावा की दोन्ही बाजूंनी वारा लागेल. सुती सतरंजी उन्हात, रंगीत लोकर सावलीत. दिवसातून दोनदा पालटावा. वरून कोरडा वाटला तरी मुळाशी बोट घालून पाहावे. दमट गालिचा पुन्हा अंथरला तर आठवड्यात कुबट वास येतो आणि केलेली मेहनत वाया जाते.

धुण्यासाठी वापरायचे पाणी पाक असले पाहिजे. पूर ओसरलेल्या विहिरीत गाळ व घाण असते. ती उपसून निर्जंतुक होईपर्यंत तिचे पाणी वापरू नये. आणि उतरत्या पुराच्या नदीवर गालिचे धुण्यास जाऊ नये. कानच्या पात्रात वरच्या धरणातून पाणी सुटले तर ते सांगून येत नाही.

काय ठेवावे, काय टाकावे

आता राहिला थोरला प्रश्न : "सारेच टाकून द्यावे" हे मत. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत प्रत्येक नमाजप्रसंगी नीटनेटका पेहराव करण्याचा आदेश आहे, आणि त्याच आयतीत उधळपट्टी न करण्याचा आदेशही आहे. स्वच्छता आणि काटकसर एकाच ठिकाणी सांगितल्या गेल्या, यात मोठा बोध आहे. जी सतरंजी चार बादल्या पाण्याने आणि दोन दिवसांच्या वाऱ्याने पुन्हा वापरात येऊ शकते ती उकिरड्यावर टाकणे म्हणजे इसराफ होय. तिलाच नदीत लोटून देणे हा त्याहून मोठा दोष; ती पुढच्या गावच्या मोरीत अडकते, पाणी तुंबविते आणि आपला कचरा दुसऱ्याच्या घरात पूर आणतो.

तथापि सारेच वाचविण्याचा हट्टही नको. गालिच्याखालील फोम गटाराच्या पाण्याने भिजला असेल तर तो स्वच्छ होत नाही. तागाची पाठ कुजून हाताने तुटू लागली असेल, बुरशी धाग्यांच्या मुळापर्यंत गेली असेल, किंवा घाण पाणी मुरून कित्येक दिवस गालिचा तसाच पडून राहिला असेल, तर तो टाकणे योग्य. विशेषतः ज्या घरात रांगणारे मूल किंवा दम्याचा रोगी आहे तेथे.

याच ठिकाणी प्रामाणिकपणाची एक परीक्षा उभी राहते. पंचनाम्याच्या वेळी जे नष्ट झाले तेच नष्ट म्हणून सांगावे. जो गालिचा धुऊन उद्या आपण पुन्हा अंथरणार आहोत, तो गेला असे लिहवून घेणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. गालिच्यावरील नजासत तीन धुण्यांत निघते; अशा पैशाची नजासत कोणत्या पाण्याने काढणार?

मशिदीच्या सफा

मशिदीत पाणी शिरले असेल तर तेथील गालिचे व सफा या वक्फ मालमत्ता आहेत. एखाद्या उत्साही मंडळाने परस्पर त्या फेकून द्याव्यात, अथवा कोणी जुनी म्हणून घरी न्यावी, हे योग्य नव्हे. विश्वस्तांनी पाहणी करावी, धुता येतील त्या धुवाव्यात, आणि निकामी झालेल्यांबाबत आलिमांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा. तोवर धुतलेल्या फरशीवर नमाज सुरू ठेवावी. गालिचा ही मशिदीची शोभा आहे, नमाजची अट नव्हे.

नमाज गालिच्याची वाट पाहत नाही

आता पुन्हा दादीअम्मांच्या बाजेपाशी येऊ. त्यांना आदराने सांगावे की, दादीअम्मा, सारे घर पाक होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. नमाजसाठी आपले शरीर, आपले कपडे आणि आपण उभे राहतो व सजदा करतो तेवढी जागा पाक असणे पुरेसे आहे. गालिच्याचे एक टोक नापाक असले तरी दुसऱ्या पाक टोकावर नमाज होते. नजासत वाळलेली असेल आणि तिच्यावर जाड, पाक कापड असे अंथरले की खालचा ओलावा व वास वर येत नाही, तर त्यावरही नमाज होते. म्हणून शेजारून एक धुतलेली चादर मागून आणावी, त्यांच्या बाजेशेजारी अंथरावी आणि वुजूसाठी पाणी द्यावे. घरात पहिले काम हे करावे. गालिच्याचे काम त्यानंतर.

वुजू आणि तयम्मुमचे आदेश देणाऱ्या सूरह अल-माइदाच्या ६व्या आयतीच्या शेवटी हेच स्पष्ट केले आहे की, अल्लाह आपल्या दासांना अडचणीत टाकू इच्छित नाही, तर त्यांना पाक करू इच्छितो. ज्या तहारतमुळे बंदा आपल्या पालनकर्त्यापासून दूर जातो ती तहारत नव्हे, तो वस्वसा आहे. आणि वस्वसा सैतानाकडून येतो.

शेजाऱ्याचे अंगण

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण पाण्याखाली गेले. आदल्याच दिवशी, २१ जुलैला, बकरीद होती. ईदसाठी अंथरलेल्या बैठका उचलण्याआधीच घरांत पाणी आले. अशा वेळी पुराचे पाणी दाराबाहेर कोणाचे नाव लिहिले आहे हे पाहत नाही. मग गाळ उपसणाऱ्या हातांनी तरी ते का पाहावे? आपल्या गच्चीवर ऊन असेल तर शेजाऱ्याची सतरंजीही तेथे वाळू द्यावी, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो. विधवा, वृद्ध, एकटे राहणारे यांचा जड गालिचा उचलण्यास चार तरुण पाठवावेत. ज्याचे सर्वस्व गेले त्याला आपल्याकडील फाटकी नव्हे, तर चांगली धुतलेली चादर द्यावी.

आणि धुताना पाण्याचे भान ठेवावे. हाच साक्री तालुका उन्हाळ्यात पाण्यासाठी आभाळाकडे पाहतो. नदी दारात आली म्हणून नळ मोकळा सोडण्याची मुभा मिळत नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण हदीसमधून मिळते.

तेव्हा या पाठाचा सारांश लक्षात ठेवावा : चिखलाला नजासत समजू नये, नजासतीला चिखल समजू नये; धुता येते ते टाकू नये, धुता येत नाही ते जपून ठेवू नये; आणि यांपैकी कोणत्याही कामासाठी नमाज थांबवू नये.

अल्लाह आमची घरे, आमच्या वस्त्या आणि आमची अंतःकरणे पाक ठेवो, आणि संकटसमयी एकमेकांचा भार उचलण्याची तौफीक देवो. आमीन.